एक फ्रेम मागे

सोसायटीच्या पार्किंगमधल्या क्रिकेटचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आहे आणि एका रनआउटवरून दोन टीम हमरीतुमरीवर आल्या आहेत, असं समजा. लॅपटॉप उघडा, व्हिडिओ व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा आणि बॅट क्रीजच्या जवळ आली की कीबोर्डवरचं 'ई' दाबा. चित्र गोठतं. पुन्हा 'ई' दाबा, फक्त एक फ्रेम पुढे. पुन्हा दाबा, आणखी एक. बॅट इंचाइंचानं सरकते, हवेतला चेंडू लांबट डागासारखा दिसतो आणि बघता बघता स्टंप वाकडा झालेला असतो. नेमका क्षण निसटला! हरकत नाही, एक फ्रेम मागे जाऊ. त्याचं बटण कुठलं?

शोधून पाहा. आज बहुतेकांच्या संगणकावर असलेल्या व्हीएलसीच्या तिसऱ्या आवृत्तीत ते नाही. तीन सेकंद मागे जाता येतं, दहा सेकंद मागे जाता येतं, मिनिटभर मागे जाता येतं. एक फ्रेम मागे मात्र जाता येत नाही. 'पुढच्या आवृत्तीत एवढं एक बटण द्या' अशी मागणी जगभरातून वर्षानुवर्षं होते आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटणारच, की पुढे जाता येतं तर मागे यायला काय धाड भरली?

ती धाड मोठी मजेदार आहे. ती समजून घ्यायची तर आधी थोडा हिशेब करू.

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरले तर एका चित्राला झाले बासष्ट लाख बाइट. सेकंदाला अशी पंचवीस चित्रं आणि सिनेमा दोन तासांचा. गुणाकार केला की आकडा येतो अकराशे जीबीच्या वर. आणि तुमच्या पेनड्राइव्हवर तोच सिनेमा किती जागेत बसलाय? दोन जीबी. साडेपाचशे भागांतले साडेपाचशे वजा एक भाग कुणीतरी फेकून दिलेत आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही!

यातला थोडा भाग आपल्या डोळ्यांच्या आळसावर वाचतो. उजेड-अंधाराचा फरक डोळ्याला बारकाईनं कळतो, रंगाचा तितका कळत नाही. म्हणून उजळपणा प्रत्येक ठिपक्याचा लिहितात आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. एवढ्यानंच फाईल निम्मी होते. पण खरी कमाल पुढे आहे.

वाण्याकडे महिन्याची यादी पाठवताना आपण काय करतो? पहिल्यांदा सगळी यादी लिहितो. पुढच्या महिन्यात फोन करून सांगतो, 'मागच्यासारखंच द्या, फक्त साखर दोन किलो जास्त आणि रवा नको.' त्याच्या पुढच्या महिन्यात, 'मागच्यासारखंच, पण पोहे वाढवा.' व्हिडिओची फाईल अगदी अशीच लिहिलेली असते. एक चित्र पूर्ण. त्यानंतरचं प्रत्येक चित्र म्हणजे 'मागच्यासारखंच, फक्त हा चौकोन चार ठिपके उजवीकडे सरकवा आणि या कोपऱ्यात थोडा उजेड वाढवा.' कॅमेरा स्थिर असेल, मागची भिंत हलत नसेल, तर त्या भिंतीबद्दल शेकडो चित्रांत जवळपास एक अक्षरही लिहावं लागत नाही.

आता वाण्याला विचारा, 'सात महिन्यांपूर्वी आम्ही काय नेलं होतं?' बिचाऱ्याला शेवटची पूर्ण यादी शोधावी लागेल आणि तिथपासून एकेक फोन आठवत यावं लागेल. एक फ्रेम मागे जाणं म्हणजे हेच. हातात आत्ताचं चित्र आहे, पण त्याच्यावरून आधीचं काढता येत नाही. 'साखर दोन किलो' हे कळलं तरी 'मागे किती होती' ते त्यात नसतं. मग प्लेअरनं मागे पळायचं, शेवटचं पूर्ण चित्र गाठायचं, तिथून पुढची सगळी चित्रं पुन्हा रचत यायचं आणि हव्या त्या चित्राच्या पायरीवर थांबायचं. तुम्ही पुन्हा बटण दाबलं की पुन्हा सगळी वारी पहिल्यापासून.

पूर्ण चित्रं किती अंतरानं असतात? एक्स-२६४ नावाचा व्हिडिओ आवळणारा प्रोग्रॅम जगभर वापरला जातो (तोही व्हीएलसी करणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेच्याच छपराखाली वाढलेला). तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर त्याची मुभा २५० चित्रांपर्यंतची आहे. म्हणजे एक पाऊल मागे टाकण्यासाठी कधी कधी दोनशे एकोणपन्नास चित्रं नव्यानं रंगवायची.

मग ती रचलेली चित्रं जपूनच का ठेवू नयेत? ठेवा की! फोर-के व्हिडिओचं एक उलगडलेलं चित्र, रंगाची काटकसर करूनही, बारा एमबीच्या आसपास भरतं. अशी २५० म्हणजे तीन जीबी. लॅपटॉपच्या मेमरीचा मोठा तुकडा एका रनआउटपायी खर्ची पडला.

आणि अजून एक वळण आहे. या फायलींत काही चित्रं अशी असतात जी आधीच्या चित्राकडेही पाहतात आणि नंतरच्या चित्राकडेही. नंतरच्या? जे अजून दाखवलंच नाही त्याच्याकडे? हो. म्हणून फाईलमध्ये चित्रं दाखवायच्या क्रमानं ठेवलेलीच नसतात. नंतरचं चित्र आधी येतं, ते उलगडून बाजूला ठेवलं जातं, मग मधली चित्रं येतात आणि सगळ्यांना पुन्हा रांगेत लावून तुमच्यासमोर आणलं जातं. तुम्ही सोफ्यावर बसून शेंगदाणे खात असताना ही उठाठेव सेकंदाला पंचवीसदा चाललेली असते.

पुढच्या आवृत्तीत काय असावं याच्या यादीतलं सगळ्यात साधं बटण हे असं आहे. म्हणूनच मला या याद्या वाचायला फार आवडतात. ज्या मागणीवर आपण 'एवढंच ना?' म्हणतो, ती उघडली की आत तळघर निघतं.

पण ही यादी ठरवतं कोण? इथे ना मार्केटिंगचं खातं, ना ग्राहक सर्वेक्षण. हे समजायला १९९६च्या पॅरिसमध्ये जायला हवं. एकोल सांत्राल पारी ही तिथली तेव्हाची नावाजलेली इंजिनिअरिंग संस्था. तिच्या वसतिगृहाचं संगणकजाळं जुन्या टोकन रिंग पद्धतीचं होतं. एक टोकन गोल फिरायचं, ते ज्याच्या हाती येईल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. मुलांना वेगवान जाळं हवं होतं. कशासाठी? मुख्यतः गेम खेळण्यासाठी! पण गेमसाठी कोण पैसे देणार? मग युक्ती निघाली. वसतिगृहात प्रत्येकानं आपापली डिश लावण्याऐवजी एकच मोठी डिश लावू आणि उपग्रहावरचा टीव्ही जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोहोचवू. एवढा व्हिडिओ वाहून न्यायचा तर जाळं वेगवान लागणारच, नाही का?

जाळं मिळालं, आणि त्यावर टीव्ही दाखवणारा प्रोग्रॅम मुलांनाच लिहावा लागला. एक भाग पाठवणारा, म्हणजे सर्व्हर. दुसरा पाहणारा, म्हणजे क्लायंट. 'व्हिडिओलॅन क्लायंट'ची आद्याक्षरं म्हणजे व्हीएलसी. सर्व्हर कधीच इतिहासजमा झाला आणि क्लायंट जगभर गेला. १ फेब्रुवारी २००१ रोजी संस्थेच्या परवानगीनं त्याचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्हही त्या वसतिगृहातलंच, कारण जाळं सांभाळणाऱ्या मुलांच्या मंडळाकडे रस्त्यावरच्या असल्या शंकूंचा संग्रह होता. तो कसा जमला हे रात्री उशिरा घरी परतणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. नाताळच्या सुमारास या शंकूच्या डोक्यावर लाल टोपी चढते, ती पाहून दरवर्षी कुणीतरी घाबरून 'व्हायरस आला का' असं विचारतंच.

या जन्मकथेतच व्हीएलसीच्या एका जादूचं उत्तर आहे. अर्धीच डाउनलोड झालेली फाईल, मध्येच खराब झालेली सीडी, लग्नाच्या कॅसेटवरून कुणीतरी घाईत उतरवलेला व्हिडिओ, या सगळ्यांवर इतर प्लेअर हात वर करायचे आणि व्हीएलसी थोडं अडखळत का होईना, पण चालवायचा. असं का? कारण तो जन्मला तो फायलींसाठी नव्हे, जाळ्यातून वाहत येणाऱ्या टीव्हीसाठी. तिथे माहितीचे तुकडे वाटेत हरवणार हे गृहीतच. हरवलेला तुकडा परत मागायची सोय नाही आणि थांबून राहायला वेळही नाही. जे आलंय त्यातून जमेल तेवढं चित्र उभं करायचं आणि पुढे व्हायचं, ही सवय त्याला पाळण्यातच लागली.

दुसरी गंमत त्याच्या बांधणीत आहे. मधोमध एक छोटा गाभा आणि त्याभोवती शेकडो सुटे भाग, ज्यांना मॉड्यूल म्हणतात. गाभ्याला स्वतःला एमपी-थ्री कळत नाही, एमकेव्ही कळत नाही, की पडदा कुठे आहे तेही कळत नाही. फाईल समोर आली की तो मॉड्यूलना त्यांच्या मानानुसार एकेक करून विचारत जातो, 'हे तुला वाचता येतं का?' मॉड्यूल फाईलचे पहिले काही बाइट चाखून पाहतं. नाही म्हणालं तर पुढच्याला पाचारण. म्हणून फाईलच्या नावापुढे चुकीचं शेपूट लावलेलं असलं तरी बहुतेकदा त्याचं काही बिघडत नाही. आणि म्हणूनच पॅरिसपासून हजारो मैलांवरचा एखादा हौशी माणूस कुठल्या तरी विस्मरणात गेलेल्या गेमच्या व्हिडिओ फायलींसाठी एक मॉड्यूल लिहू शकतो. बाकीच्या घराला धक्का न लावता त्याची खोली वाढवता येते. १९८७ साली निघालेल्या ओएस/२ या संगणकप्रणालीसाठीसुद्धा व्हीएलसी तयार होत आला आहे, तो अशाच कुणाच्या तरी चिकाटीवर.

तर पुढच्या आवृत्तीत काय येणार हे बऱ्याच अंशी यावर ठरतं, की कुणाला काय लिहावंसं वाटतं आणि लिहिलेलं इतरांच्या नजरेखालून पार पडतं का. व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे. तिचे अध्यक्ष ज्याँ-बाप्तिस्त केम्फ यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलंय, की जाहिराती आणि भलतेसलते टूलबार सोबत जोडण्यासाठी आलेले कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव त्यांनी नाकारले. हेही एक प्रकारे फीचर नाकारणंच झालं.

या मोकळेपणाची किंमतही असते. इथे लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर ती लिहिणाऱ्याचा हक्क कायम राहतो. जानेवारी २०११मध्ये आयफोनवरचा व्हीएलसी ॲपलच्या दुकानातून काढला गेला, कारण जीपीएलच्या अटी आणि त्या दुकानाच्या अटी एकमेकांत बसत नव्हत्या. उपाय होता परवाना थोडा सैल करण्याचा. पण ते करायचं तर ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्या प्रत्येकाचा होकार हवा. वर्षांपूर्वी चार ओळी पाठवून गायब झालेल्या माणसाचासुद्धा! शेकडो जणांना शोधून काढण्याचं ते काम झालं, २०११च्या अखेरीस गाभ्याचा परवाना बदलला, पाठोपाठ मॉड्यूलांचा, आणि जुलै २०१३मध्ये आयफोनवर व्हीएलसी परतला. फीचरच्या यादीत 'आयफोनवर चालावा' एवढीच ओळ असेल. तिच्यामागे अडीच वर्षं आहेत.

आता चौथ्या आवृत्तीकडे वळू. तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०१८मध्ये आली, तिच्यात छोट्या छोट्या सुधारणा होत राहिल्या. चौथीची चर्चा २०१९पासून आहे. नवा चेहरा, तुमच्या संगणकावरचे सिनेमे-गाणी पोस्टरसकट मांडणारं ग्रंथालय, असं बरंच डोळ्यांना दिसणारं तिच्यात आहे. पण मला विचाराल तर त्या कामातला सगळ्यात थरारक भाग पडद्यावर कधीच दिसणार नाही. तो म्हणजे घड्याळ.

सिनेमा चालू असताना एकाच वेळी किती घड्याळं टिकटिकत असतात? साउंडकार्डात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला ४८,००० वेळा स्पीकरला सांगतो, 'आता तुझा पडदा इतका ढकल.' संगणकाचं स्वतःचं घड्याळ वेगळ्या स्फटिकावर चालतं. चित्राचा पडदा त्याच्या लयीत, बहुधा सेकंदाला साठ वेळा, ताजा होतो. आणि टीव्हीचं थेट प्रक्षेपण पाहत असाल तर चौथं घड्याळ प्रक्षेपण केंद्रात असतं. ते सेकंदाला दोन कोटी सत्तर लाख ठोके मोजतं आणि आपली वेळ सिग्नलमध्ये मिसळून पाठवत राहतं!

यातली कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. स्वस्त स्फटिकात दहा लाखांत पन्नासाचा फरक सहज असू शकतो. किरकोळ वाटतो ना? दोन तासांच्या सिनेमात तो साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त होतो. म्हणजे काहीच केलं नाही तर शेवटच्या प्रसंगात नायिका ओठ मिटते आणि मग तिचं वाक्य संपतं.

माणसाला हे कधी कळतं, याचीही मोजणी झाली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत आकडे दिलेत. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर लोकांच्या लक्षात येतं. उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कुणी तक्रार करत नाही. असा दुजाभाव का? कारण निसर्गात आवाज कधीच प्रकाशाच्या आधी पोहोचत नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर धुणं आपटणाऱ्या बाईचा हात वर जातो आणि मग थप्प ऐकू येतं. चाळीस मीटरवरचा आवाज साधारण एकशे वीस मिलिसेकंद उशिरानंच येतो, आणि लाखो वर्षं आपल्या मेंदूनं त्याला माफी दिली आहे. आवाज आधी आणि हात नंतर, हे त्यानं कधी पाहिलेलंच नाही.

मग एवढ्या घड्याळांत प्रमाण कुणाला मानायचं? इथे कान आणि डोळा यांचं भांडण लागतं आणि कान जिंकतो. चित्रांच्या रांगेतलं एखादं गाळलं किंवा एखादं किंचित जास्त वेळ ठेवलं तर डोळा निमूट सोसतो. तो एरवीही सोसतच असतो. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा, पडदा साठचा. साठला चोवीसनं भागलं की अडीच येतात, आणि अर्ध्यांदा तर चित्र दाखवता येत नाही. म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, पुन्हा दोनदा, असा लंगडा ताल धरावा लागतो. तुम्हाला कधी खटकला होता? पण आवाजातून सेकंदाचा हजारावा भाग कापा, लगेच 'टक' ऐकू येईल.

जुन्या रचनेत व्हीएलसी आत येणाऱ्या माहितीचं आणि संगणकाचं घड्याळ धरून चालायचा आणि आवाजाला त्याच्यामागे ओढायचा. आवाज अगदी किंचित ताणायचा किंवा आवळायचा, इतका की सूर बदललेला कळू नये. चौथ्या आवृत्तीसाठी ही यंत्रणा मुळापासून नव्यानं लिहिली गेली, जेणेकरून आवाजाचं घड्याळ प्रमाण मानून चित्राला त्याच्यामागे चालवता यावं. थेट प्रक्षेपणात अर्थातच पाठवणाऱ्याची वेळ पाळावी लागते, नाहीतर एक तर साठा संपतो किंवा ओसंडून वाहतो. ब्लूटूथचे हेडफोन लावले की ओठ आणि शब्द यांची फारकत होते, तेव्हा आज आपणच 'जे' आणि 'के' ही बटणं दाबून पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी आवाज पुढेमागे सरकवत बसतो. तो त्याच दुखण्यावरचा घरगुती इलाज.

वेळ मोजण्याचं एककही पाहण्यासारखं आहे. टीव्हीच्या प्रवाहात प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का असतो, आणि तो सेकंदाच्या ९०,०००व्या भागांत लिहितात. हा विचित्र आकडा कुठून आला? भागून पाहा. सेकंदाला २४ चित्रं असतील तर एकेक ३७५० भागांचं. २५ असतील तर ३६००, ३० असतील तर ३०००. आणि अमेरिकी टीव्हीचा तो कुप्रसिद्ध २९.९७चा वेग? त्यालाही नेमके ३००३. कुठेही अपूर्णांक उरत नाही! या शिक्क्यासाठी जागा मात्र ३३ बिटांचीच, म्हणून दर साडेसव्वीस तासांनी तो भरून पुन्हा शून्यावर येतो. टीव्ही सलग लावून ठेवणाऱ्याच्या प्लेअरला एका क्षणी अचानक काल उगवल्यासारखं वाटत असणार, आणि ते झेलण्यासाठीही कुणीतरी चार ओळी लिहून ठेवलेल्या असतात.

आपल्या जिव्हाळ्याचा एक बदल तर तिसऱ्या आवृत्तीतच येऊन गेला, आणि त्याची कुणी फारशी वाच्यता केली नाही. तो म्हणजे सबटायटलमधली देवनागरी. 'स्थिती' हा शब्द फाईलमध्ये कसा साठवतात? स, हलन्त, थ, मग ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. म्हणजे उच्चाराच्या क्रमानं. पण कागदावर ती ऱ्हस्व वेलांटी सगळ्यांच्या आधी, डावीकडे काढायची असते. 'सूर्य'मध्ये रफार आधी साठवतात आणि काढायचा मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. रोमन अक्षरांसाठी लिहिलेला साधा प्रोग्रॅम एकामागून एक अक्षर मांडत जातो, त्यामुळे वेलांट्या भलत्याच बाजूला लोंबायच्या आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. तिसऱ्या आवृत्तीत हार्फबझ नावाचा अक्षरजुळणीचा ओपन सोर्स प्रोग्रॅम जोडला गेला. कुठलं अक्षर कुठे उडी मारून बसतं, कोण कोणाला चिकटतं, हे त्याला कळतं. फॉन्टची साथ असेल तर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरकसुद्धा! त्याच बदलात अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचीही मांडणी सुधारली. कोट्यवधी लोकांना सबटायटल नीट वाचता येऊ लागलं आणि बदलांच्या यादीत त्यासाठी जेमतेम ओळ-दीड ओळ खर्ची पडली.

चौथ्या आवृत्तीच्या कामात गाण्यांमधली फट बुजवणंही आहे. फट मुळात येते कशी, ते लगेच कळण्यासारखं आहे. एमपी-थ्री आवाजाचे ११५२ नमुन्यांचे ठोकळे पाडतो. कुठलंच गाणं त्या मापात नेमकं बसत नाही, म्हणून टोकाला शांतता भरतात. शिवाय पुढची फाईल उघडण्यात क्षण जातो तो वेगळाच. एरवी बिघडत नाही. पण मैफलीचं ध्वनिमुद्रण बडा ख्याल आणि छोटा ख्याल असे दोन तुकडे करून ठेवलेलं असेल, तर मधल्या एका मात्रेला तबला चक्क गिळला जातो. आता पुढची फाईल आधीच उघडून तयार ठेवायची, असा उपाय आहे.

आणि जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात व्हिडिओलॅननं एक प्रात्यक्षिक दाखवलं. सिनेमातले संवाद ऐकून सबटायटल आपोआप तयार करायची आणि दुसऱ्या भाषेत उतरवायची, तेही इंटरनेटशिवाय, तुमच्याच संगणकावर. त्याच वेळी व्हीएलसीनं सहा अब्ज डाउनलोडचा टप्पा ओलांडल्याचंही सांगितलं गेलं. मला त्यातला 'इंटरनेटशिवाय' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हा प्लेअर कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून राहत नाही. २०२२मध्ये भारतात व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ काही महिने बंद होतं, नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुलं झालं. त्या काळात ज्यांच्या संगणकावर व्हीएलसी आधीच होता, त्यांचे सिनेमे नेहमीसारखेच चालू होते.

योजनेत काय घालायचं याबरोबर काय सोडायचं तेही येतं. तिसरी आवृत्ती अजून विंडोज एक्सपीवर चालते, २००१ साली आलेल्या प्रणालीवर! चौथी चालणार नाही. जुन्याला सांभाळायला लिहिलेला कोड नव्याच्या पायात येतो, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा आहे. तरी एखाद्या तालुक्याच्या शाळेत कोपऱ्यात ठेवलेला, गणेशोत्सवात गाणी लावण्यापुरता सुरू होणारा एक्सपीवाला संगणक डोळ्यांसमोर येतोच. त्याच्यासाठी तिसरी आवृत्ती आहे.

राहिलं नाव. व्हीएलसीच्या मोठ्या आवृत्त्यांना टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांतल्या पात्रांची नावं देण्याची रीत आहे. दुसरी 'टूफ्लॉवर', तिसरी 'वेटिनारी'. चौथीसाठी ऑटो श्रीक हे नाव ठरलं. हा ऑटो म्हणजे वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, आणि जातीनं रक्तपिपासू पिशाच. प्रखर उजेड त्याला सोसत नाही, पण फोटो काढायचा तर फ्लॅश लागतो. त्यामुळे चांगल्या फोटोपायी कधी कधी त्याची राख होते. पुढे पुढे तो गळ्यात रक्ताची छोटी कुपी बांधून फिरतो. राख झाली की कुपी खाली पडून फुटते, थेंब राखेवर पडतो, ऑटो उठून कपडे झटकतो आणि पुढच्या फोटोची तयारी करतो.